बोरिंगचं पाणी, नर्मदेचं पाणी आणि गाडीचं वॅक्स

इंदूरमध्ये गाडी घासायचा मोसम रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, राजवाड्यावर पोचते, टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, मशिनमधून गुलाल वरच्या मजल्यांपर्यंत जातो, आणि परतणाऱ्या मंडळींच्या अंगाखांद्यावरून त्यातला थोडा लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीतही येतो. येणारा जाणारा बोनेटला टेकून गप्पा मारणारच. माझी गाडी 2016 ची, सेकंड हँड घेतलेली, रंग गडद निळा. पांढरी गाडी बरंच काही पोटात घालते. गडद रंग सगळं चव्हाट्यावर आणतो. त्यामुळे यंदा ठरवलं की नुसती धुवायची नाही, नीट वॅक्सपर्यंत न्यायची, आणि घरीच, हातानं. एका दुकानात सिरॅमिक कोटिंगचा भाव विचारला होता. वीस हजारांच्या पुढचा आकडा ऐकला आणि चहा न पिताच बाहेर पडलो.

आधी गाडी उन्हात उभी करून नुसती बघितली. सकाळचं तिरपं ऊन पडलं की रंगाचं खरं रूप दिसतं. दरवाजांच्या फटीत गुलाल होता, तो तर दिसतच होता. टपावर आणि बोनेटवर पांढरट गोल डाग, पाण्याचे थेंब जिथे वाळले तिथे. आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे, ज्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. हे ओरखडे अपघातानं येत नाहीत, रोजच्या मायेनं येतात. सकाळी गाडी पुसणारा येतो, खांद्यावरचं कोरडं फडकं झटकतो आणि रात्रभराच्या धुळीवरून जोर लावून फिरवतो. धूळ म्हणजे बारीक वाळूच, मग दुसरं काय होणार?

इथे रंगाची रचना थोडी माहीत असलेली बरी. पत्र्यावर गंज न धरणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याची, ओरखडेही त्याच्यावर. बहुतेक स्वर्ल या थरातच असतात. पॉलिश करतो म्हणजे आपण हाच थर किंचित घासून सपाट करतो, म्हणून पॉलिश ऊठसूट करायची गोष्ट नाही. वॅक्स मात्र काही काढत नाही, वर एक पातळ थर चढवतं. दुकानदार दोन्हीला ‘पॉलिश’च म्हणतात, तेव्हा डबी उलटी करून आत घासणारी पूड आहे का, ते वाचून घ्यावं.

गुलालाचं काम पाण्याचं, हाताचं नाही. कोरडा गुलाल पुसायला गेलात की तोच काचपेपर होतो. टपापासून सुरुवात करून भरपूर पाणी सोडलं, फटींमध्ये पाइप धरला, आणि स्वच्छ झाली असं वाटेपर्यंत दरवाजा उघडला की पुन्हा गुलाबी ओघळ. समोरचे काका ओट्यावरून बघत होते. ते म्हणाले, “अरे, रॉकेलचा बोळा फिरव, दोन मिनिटांत जाईल.” मी म्हटलं, “काका, रंग जाईल, पण तेलकटपणा राहील, मग त्याच्यावर वॅक्स कसं धरणार?” शिवाय रॉकेलनं दरवाजांची रबरं खराब होतात. काकांना ते पटलं नाही, पण त्यांची स्कूटर आहे, त्यांचं बरोबर असेल.

धुताना बादल्या दोन. एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शॅम्पूत बुडवायचा. साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघितला की ही उठाठेव कशासाठी ते कळतं. कपड्यांची पावडर वापरायची नाही. ती चिकटपणाबरोबर आधीचं वॅक्सही ओढून नेते. चाकांसाठी कापड वेगळं. ब्रेकची लोखंडी भुकटी त्या कापडात बसते, आणि तेच कापड पुढे दरवाजावर गेलं की झालंच.

आता पाणी. घरात भांडण झालं ते इथेच. आमच्याकडे बोरिंग आहे, आणि ते पाणी जड. माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपून येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार रंगावर बसतात. तेच ते पांढरे गोल. नर्मदेचं नळाचं पाणी त्या मानानं बरंच हलकं, पण ते एक दिवसाआड येतं, आणि ते गाडीला वापरायचं म्हणजे बाबांच्या हृदयाला हात घालण्यासारखं. 1970 मध्ये नर्मदा इंदूरला आणा म्हणून शहर रस्त्यावर उतरलं तेव्हा बाबा कॉलेजात होते. तिकडे नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी उपसून, विंध्य चढवून शहरात आणतात, हे ते अजूनही अभिमानानं सांगतात. “आम्ही त्या पाण्यासाठी घोषणा दिल्या, आणि तू बोनेट धुणार?” आईनं मध्यस्थी केली. तोड अशी निघाली: चिखल, गुलाल आणि शॅम्पू सगळं बोरिंगनं, आणि शेवटचं विसळणं नर्मदेनं, तेही मोजून दोन बादल्या. खरं सांगायचं तर एवढं पुरतं. शेवटी अंगावर जे पाणी राहतं, तेवढंच हलकं असलं की भागलं. आणि ते पाणी वाळू द्यायचं नाही, जाडसर मायक्रोफायबर टॉवेल पसरून टिपून घ्यायचं.

जुन्या पांढऱ्या डागांना पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी घालून. कापड भिजवून डागावर मिनिट-दोन मिनिटं ठेवायचं, सावलीत, आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. क्षार असतील तर विरघळतात. बोनेटवरचे बहुतेक गेले. टपावर दोन-तीन जागी गोल कडा राहिल्याच. तिथे क्लिअर कोटच खाल्ला गेलाय. पक्ष्यांच्या शिटेचंही असंच होतं. उन्हात तापलेला रंग मऊ होऊन पसरतो, संध्याकाळी गार होताना वाळलेल्या शिटेभोवती आवळला जातो, आणि तिचा ठसा राहतो. आमच्या फाटकाशी कडुनिंब आहे, त्यावर पोपट, साळुंक्या, सगळी बिऱ्हाडं. शीट दिसली की ओलं कापड ठेवून भिजवायची आणि उचलायची. संध्याकाळची वाट बघायची नाही.

धुऊन टिपून झाल्यावर बायको म्हणाली, “झाली की चकचकीत, आता काय राहिलं?” मी तिला भाजीच्या पातळ पिशवीत हात घालायला सांगितला आणि बोनेटवरून बोटं फिरवायला लावली. पिशवीतून बोटांना खरखर फार स्पष्ट लागते. तिचा हात थांबला. “अगं बाई, हे काय, रवा सांडलाय का?”

हा रवा म्हणजे रंगात रुतलेली लोखंडी भुकटी, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक. शॅम्पूनं तो जात नाही. त्याला लागतो क्ले बार, मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीसारखाच दिसणारा एक गोळा. त्याचा लहानसा तुकडा तोडला, तळहातात मळून चपटा केला. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि शॅम्पूचे चार थेंब. दोन फूट बाय दोन फूट भाग घ्यायचा, सढळ हातानं फवारायचं आणि क्ले सरळ रेषेत, वजन न टाकता पुढेमागे सरकवायचा. हे काम मला सगळ्यात आवडलं, कारण ते ऐकू येतं. पहिल्या फेऱ्यांना बारीक खर्र खर्र असा आवाज, बोटांखाली अडखळणं. मग आवाज कमी होत जातो, आणि एका क्षणी क्ले काचेवरून गेल्यासारखा नुसता घसरतो. तो भाग संपला. क्ले उलटा करून बघितला तर पिवळट गोळ्यावर राखाडी-तपकिरी पट्टा. त्याला घडी घालायची, ताजी बाजू वर काढायची. जमिनीवर पडला तर तो तुकडा सरळ कचऱ्याच्या गाडीत. खडा चिकटलेला क्ले परत गाडीवर फिरवणं म्हणजे स्वतःच्या हातानं चरे काढणं.

पॉलिशचं थोडक्यात सांगतो. बारीक पॉलिश, फोमचा गोल पॅड, एका वेळी छोटा भाग, आडवं-उभं. हातानं मशिनचं काम होत नाही, हे आधीच मान्य करावं. जाळं पुसट झालं, नाहीसं झालं नाही. जिथे नख अडकतं तो ओरखडा पॉलिशनं जात नाही, त्याच्या मागे लागून क्लिअर कोट झिजवू नये. डाव्या मागच्या दरवाजावरचा आधीच्या मालकाचा लांब चरा मी तसाच ठेवला. काळ्या प्लास्टिकच्या कडांना आधी मास्किंग टेप लावून घ्या. पॉलिश असो की वॅक्स, त्या खडबडीत प्लास्टिकमध्ये पांढरं होऊन बसतं आणि मग जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते वॅक्स, जे सगळ्यात सोपं निघालं. मी कार्नोबाचं घेतलं. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताड होतो, त्याच्या पानांवर हे मेण येतं. शुद्ध कार्नोबा दगडासारखं कडक असतं, साधारण 82 ते 86 अंशांना वितळतं. डबीत ते तेलं आणि सॉल्व्हंट घालून लोण्याइतकं मऊ केलेलं असतं. औषधांच्या गोळ्यांवर जी चकाकी असते तीही बरेचदा याचीच.

वॅक्स सावलीत आणि थंड पत्र्यावर. मार्च संपता संपता इंदूरचं ऊन असं असतं की नऊच्या पुढे बोनेटला हात लावता येत नाही, म्हणून पोह्यांच्या आधी हात चालवला. पॅडवर अगदी थोडं घ्यायचं, दिसेल न दिसेल असा थर. जाड थरानं जास्त टिकत नाही, उरलेलं आपणच पुसून टाकतो, खांदे मात्र दुखतात. शेजारचा मुलगा डबीत बघून म्हणाला, “भिया, इतना सा?” इतनाच सा. काही मिनिटांनी बोट फिरवून बघायचं: बोट चिकट लागलं तर थांबायचं, मागे स्वच्छ रेघ उमटली तर मायक्रोफायबरनं हलकेच उचलायचं, मग कापडाची दुसरी बाजू घेऊन एकदा फिरवायचं. पुढच्या काचेला वॅक्स लावू नका, पावसात वायपर ओघळ काढतात. दुसरा हात मी दुसऱ्या दिवशी दिला, मुख्यतः पहिल्या हातात सुटलेल्या जागा भराव्यात म्हणून.

त्यानंतर टपावर मुद्दाम मगभर पाणी ओतून बघितलं. थेंब गोल होऊन पळाले. बाबांनी खिडकीतून विचारलं, “कुठलं पाणी ते?” बोरिंगचं, म्हटलं.

वॅक्समुळे ओरखडे पडत नाहीत असं समजू नये. फायदा एवढाच की शीट, चीक, क्षार थेट रंगावर बसत नाहीत आणि धुताना लवकर सुटतात. दोन-तीन महिने टिकतं, पावसाळ्यात त्याहून कमी. थेंब पसरट व्हायला लागले की संपलं समजायचं; मी पुढचा हात गणपतीच्या आधी देणार आहे. तेव्हा क्ले लागेलच असं नाही, पिशवीत हात घालून बघेन. गाडी पुसणाऱ्याला मायक्रोफायबरची चार कापडं आणि फवाऱ्याची बाटली दिली आहे, धूळ दिसली तर आधी भिजव, नाहीतर हातच लावू नकोस असं सांगून. पहिल्या दिवशी तो हसला. ती कापडं घरच्या कपड्यांत टाकत नाही, वेगळी धुतो, कम्फर्ट वगैरे काही न घालता, कारण त्यानं धागे पाणी शोषेनासे होतात. हेडलाइट मात्र अजून पिवळेच आहेत. त्यांना बारीक काचपेपर लागतो, आणि ते काम मी दिवाळीच्या सुट्टीवर ढकललं आहे.