गोटे, ओढे आणि चिखल: ऑफ-रोड प्रवासात बुटांचा लागलेला कस

आम्ही चौघं बाईकवर ऑफ-रोड, म्हणजे पक्का रस्ता सोडून, निघालो होतो आणि चौघांच्या पायांत चार तऱ्हेचे बूट होते. एकाचे मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचे, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे, नडगीवर जाड प्लॅस्टिक असलेले. दुसऱ्याचे ॲडव्हेंचर टूरिंगचे, वॉटरप्रूफ. तिसरा ट्रेकिंगच्या बुटांवरच आला होता. ‘घोटा झाकलाय ना, मग झालं की’ हे त्याचं म्हणणं. माझे एंड्युरोचे, म्हणजे घडण मोटोक्रॉससारखीच पण सोलला खोल खाचा. डांबर जितकं टाळता येईल तितकं टाळायचं, असा बेत होता. आधी गोट्यांचा उतार, मग नदीचं पात्र धरून वर, मध्ये ओढे आणि शेवटी पाऊस पडून गेलेली मातीची वाट. टायर आणि सामान यांविषयी सल्ले देणारे पुष्कळ भेटतात, म्हणून इथे पायांपुरतंच लिहितो. तसंही, कोण किती पुढे जाणार हे आमच्यात बाईकपेक्षा बुटांनीच ठरवलं.

गोट्यांच्या उतारावर वेग माणूस भरभर चालेल एवढाच होता. ट्रेकिंगवाल्याचं पुढचं चाक एका सुट्या दगडावरून सरकलं आणि त्याने डावा पाय टेकवला. कुणीही तेच केलं असतं. पाय दोन दगडांच्या फटीत बसला, बाईक मात्र उतारावर पुढे जात राहिली. पाय जागच्या जागी आणि सामानासकट दोनशे किलोच्या घरातली बाईक पुढे, यात मधल्या मध्ये पिळवटतो तो घोटा. ट्रेकिंगचा बूट खडबडीत जमिनीशी जुळवून घ्यावा म्हणून मुद्दामच सगळीकडे वाकेल असा केलेला असतो. चालणाऱ्याला ते हवंच असतं. बाईकवर मात्र तोच गुण अंगाशी येतो. मोडलं काही नाही, पण थोड्याच वेळात घोटा सुजला आणि पुढची सगळी वाट तो गिअर वर टाकताना ओठ चावत होता.

थोडं खाली मोटोक्रॉसवाला त्याच्यापेक्षा जोरात पडला. बाईक आडवी, पाय खाली, फूटरेस्ट थेट नडगीवर. आम्ही तिघांनी बाईक उचलली तेव्हा प्लॅस्टिकवर बोटभर लांब पांढरा ओरखडा होता आणि तो स्वतः उठून हेल्मेटमधली माती झटकत होता. या बुटांत घोट्याशी बिजागरी असते. पाय पुढे-मागे वाकतो, आडवा मात्र वळत नाही. बूट विकत घेताना बाकी सगळं नंतर, आधी हे बघावं. एका हाताने टाच आणि दुसऱ्याने वरचा काठ धरायचा आणि ओला टॉवेल पिळतात तसा बूट पिळायचा. सहज पिळला गेला तर तो दिसायला कितीही दणकट असो, परत ठेवून द्यावा. दुसरी तपासणी सोलची: चवड्यापाशी सोल दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून आत दाबायचा. बाईक पायावर आडवी पडते तेव्हा नेमका असाच दाब येतो. सोल मधोमध दुमडत असेल तर आतली बोटं वाचायची नाहीत.

हाताने तपासलेलं पडताळून पाहायला बुटाच्या आतलं लेबल कामाला येतं. मोटरसायकलच्या बुटांचं युरोपीय मानक ईएन १३६३४ आहे. २०१७ च्या आवृत्तीप्रमाणे प्रमाणित बुटावर बाईकस्वाराचं छोटं चित्र आणि त्याच्यापाशी चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला वरच्या भागाच्या उंचीचा, दुसरा घासण्याला टिकण्याचा, तिसरा कापलं जाण्याला टिकण्याचा आणि चौथा सोलच्या आडव्या कडकपणाचा. ऑफ-रोडसाठी मी चौथा आकडा सगळ्यात आधी वाचतो, तो २ असावा. त्याखाली आयपीए असेल तर घोट्याच्या, आयपीएस असेल तर नडगीच्या आघातसंरक्षणाची वेगळी चाचणी झालेली असते. ही दोन्ही ऐच्छिक आहेत, त्यामुळे बूट प्रमाणित आहे म्हणजे घोट्याला आघातसंरक्षण आलंच, असं धरून चालू नये.

नदीच्या पात्रात शिरलो आणि बसून चालवणं संपलं. गोटे, वाळू, परत गोटे, सगळं उभ्यानेच. शरीराचा सगळा भार तेव्हा जेमतेम दोन-तीन बोटं रुंदीच्या, दातेरी फूटरेस्टवर असतो. सोलच्या आत टाचेपासून चवड्याकडे जाणारी पोलादाची किंवा कडक प्लॅस्टिकची पट्टी असते, शँक म्हणतात तिला. ती मजबूत असेल तर भार अख्ख्या तळव्यावर वाटला जातो. ॲडव्हेंचरवाल्याच्या बुटात ती नावालाच होती. बूट चालायला इतके मऊ होते की सकाळी आम्हाला त्याचा हेवा वाटला होता. दुपारपर्यंत त्याच्या तळव्याची कमान ठणकायला लागली आणि तो बसून चालवू लागला. बसलं की प्रत्येक धक्का कंबरेत जातो आणि पुढचं चाक हवं तिथे नेता येत नाही. दोनदा वाळूत रुतला तो त्यामुळेच.

म्हणून दुकानात बूट घालून फेऱ्या मारण्यात फारसा अर्थ नाही. ऑफ-रोडचा कोणताही चांगला बूट नवा असताना चालायला अवघडच वाटतो. त्यापेक्षा पायरीच्या कडेवर तळव्याची कमान टेकवून गुडघे किंचित वाकवून उभं राहावं, आणि अर्धं मिनिट नाही, चांगली पाच-सात मिनिटं. कड तळव्याला टोचायला लागली तर फूटरेस्टही टोचणारच. त्याच अवस्थेत गुडघे आणखी वाकवून पुढे झुकावं. बुटाचा वरचा काठ नडगीत रुततो का, टाच आतल्या आत उचलली जाते का, ते तिथेच कळतं. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. गाडी उतारावर आहे असं समजून टाचेवरून पुढे भार टाकला की बोटं टोकाला भिडता कामा नयेत. बूट बघायला संध्याकाळी जावं, तोवर पाय जरा फुगलेले असतात. प्रवासात घालणार तेच मोजे आणि तेच गुडघ्याचे गार्ड बरोबर न्यावेत. गार्डवरून बूट बंद होत नाही, हे निघायच्या दिवशी कळण्यासारखं वैतागवाणं दुसरं काही नाही. साइजच्या आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक सापडतो.

गिअरचं एक राहिलंच. मोटोक्रॉसवाल्याचे बूट नवे कोरे होते आणि त्याने गिअर लीव्हर जुन्या पातळ बुटांच्या हिशेबाने तसाच ठेवला होता. बुटाचं जाड नाक लीव्हरखाली शिरेना, म्हणून गिअर टाकताना तो दर वेळी अख्खा पाय फूटरेस्टवरून उचलत होता. पहिल्याच थांब्यावर लीव्हरचा बोल्ट सैल केला, लीव्हर दांडीवरून ओढून काढला आणि एक दाता वर फिरवून परत बसवला. पाच मिनिटांचं काम. मागच्या ब्रेकचं पेडलही थोडं खाली घेतलं, कारण जाड सोलमधून ब्रेक किती दाबलाय ते त्याला कळत नव्हतं आणि उतारावर मागचं चाक सारखं लॉक होत होतं. नवे बूट घेतले की हे दोन्ही घरीच करून घ्यावं. शिवाय बूट पायात मुरायला वेळ लागतो, तो जवळपासच्या फेऱ्यांमध्ये द्यावा. चामडं जास्त असलेल्या बुटाला जास्त वेळ लागतो, बिजागरीच्या बुटाला कमी.

ओढे लागले तेव्हा ‘वॉटरप्रूफ’ या छापाची खरी मर्यादा दिसली. पहिल्या दोन ओढ्यांत ॲडव्हेंचरवाला कोरडा, आम्ही तिघं ओले, आणि त्याने ते आम्हाला ऐकवलंही. तिसऱ्या ओढ्यात बाईक मधोमध बंद पडली आणि पाणी बुटाच्या काठावरून आत गेलं. मेंब्रेन, म्हणजे बुटाच्या आतला पाणी अडवणारा पातळ पडदा, बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि आत गेलेलं बाहेरही जाऊ देत नाही. पलीकडे जाऊन त्याने एका पायावर उड्या मारत बूट उलटा केला तर तांब्याभर पाणी निघालं, आणि आतलं अस्तर दुसऱ्या दिवशीही ओलंच. पावसात, थंडीत, रस्त्यावरच्या लांब पल्ल्यात मेंब्रेन उत्तम. पण वाटेत गुडघाभर पाणी आहे हे माहीत असेल तर मी बिनमेंब्रेनचा बूट आणि वॉटरप्रूफ मोजे हीच जोडी घेईन. बूट ओला राहिला तरी पाय बऱ्यापैकी कोरडा राहतो. साधे मोजे घालायचे तर गुडघ्यापर्यंतचे, लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, भिजलेली कातडी घासली जाते आणि फोड येतात.

मुक्कामावर बूट सुकवायची रीत सोपी आहे, धीर मात्र हवा. इनसोल बाहेर, आतला मोजासारखा बूट सुटा होत असेल तर तोही बाहेर, आणि वर्तमानपत्राचे बोळे नाकापर्यंत कोंबायचे. तासा-दोन तासांनी बोळे बदलायचे. शेकोटीजवळ किंवा हीटरला लावून ठेवायचे नाहीत. चामडं कडक होऊन तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो.

चिखलात मोटोक्रॉसचा बूट पहिल्यांदा उघडा पडला. त्याचा सोल जवळजवळ सपाट असतो. ट्रॅकवर पाय टेकवला की तो अडकू नये, सरकत जावा, यासाठी ते बरोबरच आहे. पण रुतलेली बाईक ढकलायला तो खाली उतरला की पायाखाली काही राहायचंच नाही. दोन ढकलण्यांत एकदा तरी गुडघ्यावर. खाचांच्या सोलला तिथे धर मिळाला. गोट्यांत मात्र माझाच पाय दोनदा अडकता अडकता राहिला होता, तेव्हा खाचा म्हणजे फायदाच फायदा असंही नाही. काही मॉडेलांमध्ये दोन्ही पर्याय मिळतात. उदाहरणार्थ, अल्पाइनस्टार्स कंपनीच्या टेक ७ चा एंड्युरो प्रकार खाचांच्या सोलचा आहे. जिथे वारंवार उतरावं, ढकलावं, चालावं लागणार तिथे खाचांचाच घ्यावा.

सगळ्यात विचित्र प्रकार ट्रेकिंगवाल्याच्या उजव्या बुटाचा. चिखलातून पाय उपसला तर बूट वर आला, सोल खालीच राहिला. बूट जुने होते पण फारसे वापरलेले नव्हते, वर्षानुवर्षं कपाटात पडून होते. तोटा नेमका तिथेच होता. बऱ्याच बुटांच्या मधल्या सोलमध्ये पॉलियुरेथेन असतं आणि हवेतल्या ओलाव्याने त्याचं हळूहळू विघटन होतं. न वापरता बंद ठेवलेले बूटही यातून सुटत नाहीत. उरलेल्या भागावर मी नख दाबलं तर शिळ्या खडूसारखा भुगा निघाला. कपाटातले बूट प्रवासासाठी काढताना हीच परीक्षा घरी करावी. त्या दिवशी सोल जागेवर ठेवून डक्ट टेपचे पाच-सहा वेढे दिले आणि वरून दोन झिप टाय आवळले. टेप फूटरेस्टच्या दात्यांनी फाटायची, मग परत वेढे. त्याच्या लेसचाही ताप होताच: फास गिअर लीव्हरमध्ये अडकायचा, शेवटी लेसची टोकं बुटाच्या आत खोचून ठेवली.

टिकाऊपणाबद्दल बोलायचं तर मी चामड्याच्या जाडीपेक्षा जोड आणि सुटे भाग बघतो. सोल शिवलेला आहे का नुसता चिकटवलेला? बकल स्क्रूने बसवलंय का रिबिटने? आमच्यातल्या एकाचा पट्टा दगडाला घासून तुटला. स्क्रूचा असल्यामुळे जादा पट्टा लावायला फक्त स्क्रूड्रायव्हर लागला. सीडी कंपनीच्या क्रॉसफायर बुटांत फूटरेस्टवर येणारा सोलचा भाग वेगळा काढून बदलता येतो. सगळ्यात आधी झिजते ती तीच जागा, म्हणून ही सोय फार कामाची. आतल्या बाजूने, पोटरीखाली, रबर किंवा उष्णता सोसणारं चामडं असावं. तिथे नुसतं प्लॅस्टिक असेल आणि सायलेन्सरचा बेंड जवळून जात असेल तर ते वितळतं.

गंमत म्हणजे या बुटांच्या मोठ्या नावांपैकी बरीचशी इटलीच्या एकाच टापूतली आहेत, आल्प्सच्या पायथ्याशी माँटेबेलूना आणि असोलोच्या आसपासची. सीडी १९६० ची, गार्ने १९६२ ची, अल्पाइनस्टार्स १९६३ ची. डोंगरात चालायचे आणि स्कीइंगचे बूट बनवण्यासाठीही तोच टापू ओळखला जातो. मी हे ट्रेकिंगवाल्याला सांगितलं तर त्याने टेप गुंडाळलेला पाय वर करून दाखवला.

मग घ्यावा कोणता? अर्ध्याहून जास्त वाट उभ्याने काढायची असेल, गोटे आणि ओढे असतील, तर एंड्युरोचा, वजनाची कुरकुर न करता. जोडी चार किलोच्या आसपास भरते, पण ते वजन बऱ्याच वेळा फूटरेस्टवर असतं, तुमच्या मांड्यांवर नाही. खराब रस्ता, मध्ये डांबर, थांबून फिरणंही भरपूर असेल तर ॲडव्हेंचरचा चालेल, पण पिळून आणि पायरीवर उभं राहून पास झालेलाच. बाईकला दोन्ही बाजूंना कडक पेट्या असतील तर तोही उंच घ्यावा. पाय टेकवला की पेटी मागून पोटरीवर येते. मोटोक्रॉसचा निव्वळ ट्रॅकवाला बूट प्रवासाला नको. आणि मुक्कामासाठी सामानात हलक्या चपला असू द्याव्यात, म्हणजे बूट रात्रभर उघडे राहतात.

परतल्यावर चिखल वाळायच्या आत बूट साध्या पाण्याने धुवावेत, प्रेशर पंपाचा फवारा शिवणीवर मारू नये. बकल उघडून आतली वाळू जुन्या टूथब्रशने काढावी, स्क्रू एकदा आवळून घ्यावेत आणि एक जादा पट्टा व बकल पुढच्या वेळेसाठी आत्ताच मागवून ठेवावं. मॉडेल बंद झालं की सुटे भाग मिळणं अवघड होतं.