तुम्ही विचारलंत म्हणून: किलोंचा आकडा का सांगत नाही

"मॅडम, तीन महिन्यांत किती किलो जातील?" वजन उतरवण्यासाठी आहार-व्यायाम आखून देते मी, आणि फोनवर नाव सांगायच्या आधी हा प्रश्न येतो. आकडा सांगत नाही म्हटलं की पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "पलीकडचे तर पंधरा म्हणतात." काही जण आणखी पुढे जातात, "तुमचाच तुमच्यावर भरवसा नाही, तर आम्ही पैसे कशाला भरायचे?" तर एकदाचं लिहून टाकते. दीक्षितांचं डाएट की दिवेकरांचं, रात्री भात चालतो का, ग्रीन टीने काय होतं, हे आज नको. फक्त आकडा.

आधी त्या पंधरा किलोंचा हिशेब करू. फोन करणाऱ्यांत नेहमी असतात तशी एक बाई धरा. वय ४२, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, काम बैठं. आमच्याकडे सगळे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात: वजनाला १०ने गुणा, उंचीला ६.२५ने गुणून मिळवा, वयाची पाचपट वजा करा, बाई असेल तर आणखी १६१ वजा. येतात १३७८ कॅलरी. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर एवढं खर्च करतं. बैठ्या दिनक्रमासाठी १.३ने गुणलं की साधारण १७९०. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. ९० दिवसांत १५ किलो घालवायचे तर रोज १२८३ची तूट हवी. खायला उरल्या ५०७.

५०७ कॅलरी म्हणजे ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि एक चहा. संपला दिवस. रोज पाऊण तास भरभर चाललात तर आणखी दोनशेच्या आसपास जमेला धरा. आणि हा हिशेबही उदारच आहे, कारण वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो. ७७००चा भागाकार सरळ रेषेत पुढे ओढला की अंदाज फुगतो, हे केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गणिताने मांडलं आहे. फ्लेक्स छापणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

मग पंधरा म्हणणाऱ्यांचे आकडे खोटे असतात का? सगळे नसतात. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो खरंच जातात. स्नायूंत आणि यकृतात मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी. भात-पोळी बंद केली की ते दोन्ही रिकामं होतं. मीठ कमी झालं की आणखी थोडं पाणी. काट्यावर दोन किलो उतरलेले दिसतात, त्यात चरबी नाममात्र. ग्राहक खूश होऊन उरलेली फी भरतो, आणि दुसरा हप्ता बहुतेक ठिकाणी नेमका याच सुमाराला असतो. पुढच्या युक्त्या साध्या आहेत. पहिलं वजन संध्याकाळी, बूट घालून, ट्रायलमध्ये लिटरभर पाणी पाजून. शेवटचं सकाळी, उपाशीपोटी. काहीही न करता यात किलो-दीड किलोचा फरक पडतो. ज्या मशिनवर उभं करून चरबीची टक्केवारी काढतात, ते शरीरातून बारीक करंट सोडून पाण्यावरून अंदाज बांधतं. जेवण, व्यायाम, पाळी, सगळ्याने तो अंदाज हलतो. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो तर एका दिवसातही निघतात: समोरचा सपाट उजेड आणि सोडलेलं पोट, मग बाजूचा उजेड, आत घेतलेला श्वास आणि कंबरेच्या वर ओढलेली लेगिंग.

यासाठी मी ट्रेनर पोरांवर चिडत नाही. बऱ्याच जिममध्ये त्यांचा मूळ पगार तुटपुंजा, कमाई पीटीच्या, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगच्या, फीतल्या हिश्शावर आणि डोक्यावर महिन्याचं टार्गेट. पंचवीस तारखेला टार्गेट अर्धं राहिलेलं असताना समोरचा विचारतो "किती किलो?" तेव्हा 'सांगता येत नाही' म्हणणारा पोरगा कुठल्या मालकाला परवडेल? चौकशीच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, 'कोणत्या फंक्शनसाठी?' भाचीच्या लग्नाची तारीख कळली की सौदा अर्धा झाला. आणि पॅकेज तीन महिन्यांचंच का? उतरण्याचे दिवस त्यात बसतात, पुन्हा चढण्याचे बाहेर राहतात. सहाव्या महिन्याचा फोटो कोणी काढत नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणा आहे, २०१९च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आहेत, २०२३च्या ऑगस्टमध्ये आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरांसाठीही नियम आले. अमेरिकेत तर 'असे परिणाम सर्वांना मिळतीलच असे नाही' एवढी ओळ टाकून सुटता येणार नाही, हे २००९मध्येच ठरलं. आपल्याकडे ती ओळसुद्धा भिंगातून वाचावी लागते.

आता ज्यामुळे माझ्याकडून आकडा कायमचा बंद झाला, ते. माझ्याबद्दलचं नाही, एका काकूंबद्दलचं आहे. एका जिममध्ये साठ दिवसांचं चॅलेंज होतं, तिथल्या फ्लोअरवर मीही काम करत होते. काकू पन्नाशी ओलांडलेल्या, ८४ किलो, सात वर्षांचा मधुमेह. त्यांच्या कार्डावर मार्करने लिहिलं होतं, 'मिशन १२ किलो'. फॉर्मवर आजारांचा रकाना होता, त्यात 'शुगर, बीपी' लिहून खाली सही. गोळ्यांचा रकाना नव्हता.

सगळं त्या नसलेल्या रकान्यात होतं. शुगरची गोळी म्हणजे एकच गोळी नव्हे. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर धोकादायक खाली जाणं विरळा. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवा की जेवू नका. आपल्याकडे ही दोन्ही औषधं एकाच गोळीत सर्रास मिळतात, त्यामुळे पेशंट 'शुगरची एकच गोळी चालू आहे' असं अगदी खरं सांगतो. काकूंची तीच होती, सकाळच्या नाश्त्याआधीची. नाश्ता मात्र चार्टमधून काढलेला होता. सकाळी काळी कॉफी, दुपारी तीन अंड्यांचं पांढरं आणि काकडी, संध्याकाळी सूप, रात्री थोडं पनीर. भाकरी नाही, भात नाही, फळ नाही. जेमतेम सहाशे कॅलरी.

अठराव्या दिवशी गोळी घेऊन, उपाशीपोटी, चढावर लावलेल्या ट्रेडमिलवर चाळीस मिनिटं. आधी त्या जांभया द्यायला लागल्या. मग एसीत घामाने पाठ भिजली. मग ट्रेनरला तिरसटपणे काहीतरी बोलल्या. एरवी त्या सगळ्यांना 'बाळा' म्हणायच्या. पावलं तिरकी पडायला लागली, दोन्ही हात दांडीवर. ही सगळी साखर उतरल्याची लक्षणं, एकामागून एक, पुस्तकात असतात त्या क्रमाने. घाम बघून ट्रेनर ओरडला, "फॅट जळतंय काकू, शेवटची पाच मिनिटं!" उतरवून बसवलं तेव्हा त्यांना मुलाचं नाव सांगता येईना.

आणि साखर कुठे? काउंटरवर होता झिरो शुगर इलेक्ट्रोलाइट, व्हे प्रोटीन, ब्लॅक कॉफी. वजन उतरवणाऱ्या त्या अख्ख्या जागेत चमचाभर साखर नव्हती. एकाने घाईघाईने झिरो शुगरचीच बाटली त्यांच्या तोंडाला लावली. शेवटी खालच्या टपरीवरून साखर आली आणि शेजारच्या मेडिकलमधून ग्लुकोमीटर. आकडा ४८. सत्तरच्या खाली गेली की धोका. अशा वेळी पेशंट गिळू शकत असेल तर पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन सपाट चमचे पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. ६६. पुन्हा तीन चमचे. ९१. इथे लोक हुश्श करून घरी पाठवतात, ते चुकतं. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर राहतो, साखर पुन्हा खाली येऊ शकते. काकूंना त्या रात्री हॉस्पिटलमध्ये ठेवलं. त्या दिवशी सकाळीच वजन केलं होतं: ५.४ किलो कमी. तो आकडा आणि त्यांचा फोटो पुढे दिवाळीपर्यंत जिमच्या फ्लेक्सवर होता.

दोन महिन्यांनी काकूंनीच फोन केला. मला वाटलं, तक्रार करायची असेल. म्हणाल्या, "तू स्वतःचं सुरू केलंस म्हणे. मग आता माझे किती होतील?"

तेव्हा मी त्यांना जे ठासून सांगितलं ते आजही अनेकांना सांगते: सावकाश उतरलेलं टिकतं. ऐकायला शहाणपणाचं आहे. पण खरं आहे का? ऑस्ट्रेलियात दोनशे लोकांवर याचीच चाचणी झाली, २०१४मध्ये छापून आली. एका गटाने बारा आठवड्यांत वजन उतरवलं, तेही रोज ४५० ते ८०० कॅलरींवर. दुसऱ्याने छत्तीस आठवड्यांत, सावकाश. ठरलेलं लक्ष्य वेगवान गटात जास्त लोकांनी गाठलं. पुढच्या तीनेक वर्षांत दोन्ही गटांचं उतरलेलं वजन जवळपास सारखंच परत आलं, सत्तर टक्क्यांच्या वर. म्हणजे मी फोनवर जे ठासून सांगते, तेही फ्लेक्सइतकंच तकलादू.

त्याहून अवघड प्रश्न ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासाने उभा केला, २०१७चा. मधुमेहाच्या पेशंटना काही महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरी दिल्या, आणि वर्षाने जवळपास निम्म्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. मग ५०७वर मी एवढी का तुटून पडते? कारण त्या अभ्यासात मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, डॉक्टरांनी. जेवणाऐवजी जीवनसत्त्वं, खनिजं, प्रथिनं मोजून भरलेलं तयार पेय होतं, आणि पुन्हा अन्न सुरू कसं करायचं याचेही आठवडे आखलेले होते. तुमच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या चार्टमध्ये यातलं फक्त 'कमी खा' एवढंच उरतं. तरीही, मी सावधपणाच्या आड लपते का? कधी कधी, असेल. मोठा आकडा समोर असला की माणूस पहाटे उठतो, हेही बघितलंय.

खरा आकडा हवाच असेल तर अमेरिकेतल्या 'लुक अहेड' या अभ्यासाचा घ्या. मधुमेहींचा, जवळपास दहा वर्षं चाललेला, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक, गटबैठका, सगळं पुरवलेलं. पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के उतरलं, शेवटी ६ टक्के राहिलं. काकूंच्या ८४ किलोंवर म्हणजे आधी सात, शेवटी पाच. छापा बघू फ्लेक्सवर: 'दहा वर्षांत पाच किलो, त्वरा करा'.

माझ्याकडे पहिले चौदा दिवस जेवण बदलत नाही. फक्त लिहायचं, आणि घरात महिन्याला तेल किती लागतं ते सांगायचं. पोळ्या मोजण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा. चार माणसांत पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे साधारण ३४० कॅलरी, आणि त्या कोणाच्याच वहीत नसतात. लोक खोटं बोलतात असं नाही. १९९२च्या एका प्रसिद्ध अभ्यासात, 'डाएट करूनही उतरत नाही' म्हणणारे लोक खाल्लेलं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. आपल्याकडे ते मुलांच्या ताटात उरलेल्यात, फोडणीत आणि उपासाच्या खिचडीतल्या दाण्याच्या कुटात असतं. वजन रोज सकाळी, चहाच्या आधी, आणि बघायची फक्त सात दिवसांची सरासरी. पाळीच्या आधी किलो-दोन किलो पाणी चढतं, म्हणून बायकांनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघायचं. तिसऱ्या आठवड्यापासून तूट चारशे-साडेचारशेची, वजनाच्या किलोमागे रोज किमान १.२ ग्रॅम प्रथिनं आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. सहाव्या आठवड्यानंतर तुमच्याच नोंदींवरून पुढच्या महिन्याचा अंदाज लिहून देते. बहुतेकांना तो कमी वाटतो.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचं विचारता, तर ते मी देत नाही, डॉक्टर देतात. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, म्हणजे माझ्या कुठल्याही चार्टपेक्षा जास्त. बंद केल्यावर वर्षभरात दोन तृतीयांश परतही आलं. घेत असाल तर सांगा. भूक मेलेली असताना प्रथिनं आणि वजनं उचलणं जास्त गरजेचं होतं, कमी नाही.

आणि पहिल्या दिवशी येताना गोळ्यांची पाकिटं घेऊन या, नावं पाठ नसली तरी चालेल. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, इन्सुलिन यांतलं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय मी एक पोळीही कमी करत नाही. यावरून लोक उठून जातात, पलीकडे चिठ्ठी मागत नाहीत. काकूही चिठ्ठी आणते म्हणून गेल्या, अजून आणलेली नाही.