चांदीच्या जाळीआधी अर्थिंग

वायफाय, टॉवर, विजेची उपकरणं यांच्याजवळ मला त्रास होतो असं सांगितलं की समोरचा माणूस एकतर हसतो, नाहीतर काहीतरी विकायला काढतो. डोकं जड होणं, कानात गुणगुण, रात्री मध्येच जाग येणं हे सगळं मी भोगते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच लिहून ठेवलंय की अशी लक्षणं खरी असतात, पण ती विद्युतचुंबकीय क्षेत्रांमुळे होतात असं म्हणायला वैज्ञानिक आधार नाही. क्षेत्र चालू आहे की बंद हे कोणालाच न सांगता घेतलेल्या चाचण्यांत आमच्यासारख्यांना ते ओळखता आलेलं नाही. वाचून आधी राग आला, मग जरा बरंही वाटलं. निदान पहिलं अर्धं वाक्य तरी माझ्या बाजूचं होतं.

नेरुळमध्ये आमचं घर सिडकोच्या जुन्या इमारतीत आहे. समोरच्या गच्चीवर मोबाइलचे अँटेना. घराला शिल्डिंग, म्हणजे ही क्षेत्रं अडवणारं आवरण, करून घ्यावं म्हणून मी भाव काढले. चांदीचा धागा विणलेली पलंगावरची जाळी, भिंतीला लावायचा कार्बनचा काळा रंग, आणि एक चादर, जिची वायर थ्री पिनच्या वरच्या, म्हणजे अर्थच्या, भोकात खोचायची. जाळी आणि रंगाचा आकडा ऐकून नवऱ्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चादर त्या मानाने परवडणारी. पण तिच्याच माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं, घराचं अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी) आधी तपासून घ्या. म्हणून वायरमनला बोलावलं.

हे दादा बरीच वर्षं आमच्या विंगची कामं करतात. त्यांनी मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही बऱ्यापैकी व्होल्ट दिसले, मी खूश. दादा म्हणाले, "ताई, आकड्यावर जाऊ नका." पिशवीतून त्यांनी होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा पिवळा बल्ब काढला. फेज-न्यूट्रलला लख्ख पेटला. फेज-अर्थला लावला तर ढिम्म. मीटरला नावापुरताच करंट पुरतो, त्यामुळे कुठेही न जोडलेल्या, नुसत्या फेजच्या शेजारून गेलेल्या वायरवरही तो आकडा दाखवतो. बल्बला खराखुरा करंट लागतो. (हा प्रयोग वायरमनवरच सोडावा. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर तो यात उडतो. आमच्याकडे तो नव्हताच.) हिरवी वायर घरातल्या प्रत्येक बोर्डापर्यंत नीट आली होती, खाली मीटर रूममध्ये मात्र तिचं टोक हवेत.

म्हणजे आमच्या सगळ्या थ्री पिनचे अर्थ एकमेकांना जोडलेले, पण जमिनीला नाहीत. गीझरमध्ये फेज बॉडीला लागला तर तोच दाब फ्रिजवर, वॉशिंग मशीनवर आणि मी अंथरलेल्या चादरीवर येणार. चांगल्या चादरीच्या वायरीत एक लाख ओहमचा रेझिस्टर असतो. पण त्याच्या भरवशावर झोपायची माझी तयारी नव्हती.

लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट सरकलं की येणाऱ्या झिणझिण्यांचाही उलगडा त्याच दिवशी झाला. चार्जरमधले बारीक कपॅसिटर थोडीशी गळती लॅपटॉपच्या अंगापर्यंत पोचवतात. अर्थ नसेल तर तिथे पुरवठ्याच्या जवळपास निम्मा दाब तरंगतो. करंट अगदी सूक्ष्म, म्हणून शॉक लागत नाही, नुसतं चुरचुरतं. 'मनाचे खेळ' या खात्यात जमा झालेली ही एक गोष्ट तरी मीटरवर दिसत होती. नवऱ्याला मुद्दाम बोलावून दाखवली.

पुढचं काम सोसायटीचं. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, "मॅडम, एवढी वर्षं सगळ्यांचं चालतंय ना?" अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हेच कोणाला आठवेना. शेवटी जुन्या वॉचमनने बोट दाखवलं ती जागा पेव्हर ब्लॉकखाली गेली होती. उकरलं तर अर्थिंगची लोखंडी पट्टी हाताने मोडत होती. खाडीकाठची खारट, ओली जमीन विजेला वाट द्यायला उत्तम आणि लोखंडाला तितकीच वाईट. परवानाधारक ठेकेदाराकडूनच काम होईल यावर मी अडून बसले, त्यावरून सभेत बोलणीही खाल्ली. जमिनीत पुरायचा नवा इलेक्ट्रोड, मीटर रूमपर्यंत नवी पट्टी, वर प्रत्येक मजल्याला वायर, आणि काम संपल्यावर बागेत दोन खुंट्या ठोकून अर्थ टेस्टरने मोजलेल्या रेझिस्टन्सचा लेखी अहवाल. तो अहवाल मागून घ्याच. न मागता तो कोणी देत नाही.

घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला. तो पहिल्याच संध्याकाळी उडाला. गीझरची कॉइल गळत होती. बेडरूममधल्या दिव्याचा स्विच न्यूट्रलवर निघाला, म्हणजे दिवा बंद असला तरी उशाशी फेज हजर. तो बदलला. लॅपटॉपला थ्री पिनची कॉर्ड घेतली, झिणझिण्या थांबल्या.

मग उरलं शिल्डिंग. इथे विक्रेते सगळं एकाच पिशवीत घालतात. विजेच्या तारांचं विद्युत क्षेत्र अर्थ केलेल्या वाहक रंगाने अडतं. त्याच तारांचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मात्र रंगातून, चांदीतून, फॉइलमधून आरपार जातं. त्यावर स्वस्त उपाय अंतर हाच. आमच्या पलंगामागच्या भिंतीपलीकडे मेन बोर्ड होता, पलंग समोरच्या भिंतीला गेला. मोबाइलच्या लहरी जाळीने अडतात, त्यासाठी अर्थिंग लागतही नाही, पण फट राहिली की त्या आत येतात. आणि जाळीत फोन घेऊन झोपलात तर तो टॉवर शोधायला उलट जास्त जोर लावतो.

समोरच्या अँटेनांसाठी तरंग संचार या सरकारी पोर्टलवर लहरींच्या मोजणीसाठी अर्ज केला. २०१७ मध्ये ते सुरू झालं तेव्हा मोजणीचं शुल्क ४,००० रुपये होतं. दूरसंचार खात्याने २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींची भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली, ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॉट. आमच्या खिडकीतलं मोजमाप त्याच्या कितीतरी खाली आलं. जाळी घेतली नाही.

भाच्याने स्वतःहून एक उद्योग केला. मला न सांगता तो राउटर चालू-बंद करून वहीत लिहायचा, मी माझ्या डोकेदुखीचं लिहायचे. दोन्ही वह्या जुळल्या नाहीत. डोकं मात्र दुखलं होतंच. डॉक्टरांनी मायग्रेनचं औषध सुरू केलं. शिवाय स्वयंपाकघरातली स्वस्त एलईडी ट्यूब फोनच्या कॅमेऱ्यात पट्टे मारताना दिसली, ती काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कागदात लुकलुकणारा प्रकाश, आवाज, घरातली हवा हेही तपासायला सांगितलंय. चादरीवर कोणी ते छापत नाही.

आता बी विंगची पाळी. त्यांच्या खड्ड्यावर खजिनदारांची गाडी उभी असते. ती पावसाळ्याआधी हलवायची की पावसाळ्यानंतर, हा विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर आहे.