सुट्टी झाल्यावरचे महिने

जखमा भरल्या, दवाखान्यातून सुट्टी झाली, आणि वस्तीतल्या सगळ्या बाया म्हणाल्या, सुटली बाई एकदाची. जळीत वॉर्डातून जिवंत बाहेर येणं ही लहान गोष्ट नाहीच. माझ्या डोळ्यांदेखत तिथे दोघी गेल्या. पण जळालेल्या माणसाचं अर्धं दुखणं सुट्टीचा कागद हातात पडल्यावर सुरू होतं, आणि गरिबाच्या घरात त्या अर्ध्या दुखण्यासाठी ना वेळ असतो ना पैसा. माझी मान आज सरळ आहे. ती कशी राहिली, ते सांगायचंय.

मी नागपुरात हॉस्टेलच्या मुलांचे डबे करायची. सिलिंडर संपलं, नवीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून अंगणातली चूल पेटवली. अंगावर पॉलिस्टरचा गाऊन. पॉलिस्टर नुसतं जळत नाही, वितळतं आणि कातडीला चिकटतं. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावल्या, पण त्यांचीच नर्सिंगला शिकणारी मुलगी ओरडली, "काही लावू नको आई, पाणी टाक, पाणी!" ड्रमातलं पाणी ती मगाने ओतत राहिली, चांगली वीस मिनिटं. साधं पाणी. पेस्ट, शाई, तूप, बर्फ काही नाही. त्या पोरीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

डॉक्टर जळालेलं अंग टक्क्यांत मोजतात: एक पूर्ण हात म्हणजे 9 टक्के, एक पाय 18. माझी मान, छाती आणि उजवा हात मिळून 22 टक्के निघाले. जळाल्याची केस म्हणजे पोलीस केस, त्यामुळे पहिल्याच रात्री जबाब झाला. आधी डॉक्टरांनी मी शुद्धीवर असल्याचं लिहून दिलं, मग नवऱ्याला बाहेर पाठवलं आणि नायब तहसीलदारांनी विचारलं, कोणी पेटवलं का? माझा खरोखर अपघातच होता, तसं मी सांगितलं. पण पलीकडच्या खाटेवरची मुलगी जबाब देताना प्रत्येक वाक्याआधी दाराकडे बघत होती. दाराबाहेर तिची सासू उभी होती. नातेवाइकांना नुसतं खोलीबाहेर काढून भागत नाही, त्यांना नजरेआड न्यायला पाहिजे, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते.

ड्रेसिंगबद्दल फार लिहीत नाही. आधी दुखणं कमी करायचं इंजेक्शन मिळायचं, ते पुरायचं नाही. मांडीची पातळ कातडी काढून मानेवर आणि हातावर लावली, तेव्हा मानेपेक्षा मांडीच जास्त आग करत होती; ती भरायला दोन-एक आठवडे लागतात. खाण्यावरून मात्र घरात वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, डाळ नको, अंडी नको, पू होईल. मोठ्या सिस्टरनी त्यांना समजावलं, "आजी, कातडी हवेतून येते का? तिला अंडी खाऊ द्या, डाळ द्या, सोयाबीन द्या." भाजलेल्या शरीराला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रथिनं लागतात, आणि आपल्याकडे नेमकी तीच बंद करतात.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेने तारलं. आमच्याकडे अजून सगळे तिला जीवनदायीच म्हणतात. 2017 मध्ये तिचं नाव बदललं. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन जायचं. माझं नाव रेशन कार्डावर एका प्रकारे आणि आधारवर दुसऱ्या प्रकारे होतं. नवरा मजुरी सोडून त्यासाठी धावत राहिला. कुठे अडलं तर 155388 हा फुकटचा नंबर आहे, आम्हाला तिथूनच मार्ग मिळाला. घरात कोणी आजारी नसतानाच कार्डावरची नावं तपासून घ्या, अपघात झाल्यावर ते करायला डोकं ठिकाणावर नसतं.

आता सुट्टीनंतरचं. भरलेली कातडी गप्प बसत नाही. ती महिनोन्‌महिने आक्रसत राहते, आणि आपल्याला ज्या बाजूने बरं वाटतं त्याच बाजूला ओढते. मान खाली घातली की आराम वाटतो, म्हणून माणूस मान खाली घालतो. मग हनुवटी छातीकडे येते आणि तिथेच धरते. काखेचं, कोपराचं, बोटांचंही तसंच. फिजिओथेरपीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी उशी काढून घेतली. खांद्यांखाली घडी केलेली चादर, डोकं मागे, नजर छताकडे, अशी मी झोपायची. हाताला रात्री स्प्लिंट, म्हणजे हात सरळ धरून ठेवणारी बांधायची कडक पट्टी. दिवसातून कितीतरी वेळा भिंतीवर बोटांनी चढत जायचं, मुंगी चढते तसं, आणि काखेत ताण बसला की तिथे थांबून मोजायचं. माझी मुलगी टिनाच्या भिंतीवर खडूने खूण करायची. कधी कधी खूण आठवडाभर तिथेच असायची, तेव्हा तीच मला रागवायची, "आई, काहून थांबली? अजून वर जा न."

वणाला रोज खोबरेल तेल लावून अंगठ्याने दाबायचं, दाबलेली जागा पांढरट पडेल इतकं. खाज तर इतकी सुटायची की रात्र रात्र मी उठून बसायची. खाजवलं की नाजूक कातडी फुटते, म्हणून ओला पंचा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी. वण मऊ व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात, हे आधी कोणी सांगितलं असतं तर धीर धरणं सोपं गेलं असतं.

सगळ्यात कठीण गेला तो प्रेशर गारमेंट. अंगाच्या मापाने शिवलेला घट्ट कपडा, वण जाड होऊ नये म्हणून दिवसातले 23 तास घालायचा, वर्षभर, कधी त्याहून जास्त. माझ्या वेळी त्याचे पैसे योजनेत बसले नाहीत. धुण्यासाठी दुसरा जोड लागतो, म्हणजे खर्च दुप्पट. आणि नागपूरचा मे महिना! पारा 45 च्या आसपास, वर टिनाचं छप्पर. लावलेल्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळे उरलेलं अंग जास्तच घामाघूम होतं आणि डोकं गरगरतं. दुपारी आमच्याकडे वीज गेली की कूलर बंद, मग ओल्या चादरीत बसायचं. एवढं सोसून मी तो कपडा घालू शकले, कारण बचत गटाने बिनव्याजी पैसे दिले आणि नवऱ्याने घरचं पाणी भरण्यापासून भाकरी टाकण्यापर्यंत सगळं केलं. ज्या घरात बाईनेच पाणी आणायचं, तिथे स्प्लिंट कोण आणि कधी बांधणार?

भिवापूरकडची एक ताई माझ्याच आठवड्यात सुट्टी होऊन गेली. भाजणं माझ्याइतकंच, कातडीही चांगली धरली होती. तिला दर आठवड्याला यायला सांगितलं होतं. यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दोघांची रोजी बुडणार, शिवाय लहान पोर कडेवर. तिचं येणं बंद झालं. पुढे कित्येक महिन्यांनी ओपीडीत दिसली, तर हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ ओढलेला, तोंड मिटत नव्हतं. मला बघून ती मान वर करू पाहत होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने सुटेल, पण पुन्हा मांडीची कातडी, पुन्हा तोच व्यायाम. मला याचा फार संताप येतो. वॉर्डात एवढा खर्च करून जिवंत ठेवलेली बाई एसटीच्या भाड्यासाठी वाकडी होऊ द्यायची? सुट्टीच्या कागदासोबत भाडं आणि बुडालेली रोजी मिळालीच पाहिजे.

लोकांचं वागणंही सांगायला हवं. डब्याची काही गिऱ्हाइकं गेली. भाजल्याचे वण लागट असतात असं कोणीतरी पसरवलं होतं. ते लागट नसतात, एवढं साधं कोणी विचारलं नाही. उन्हाळ्यात मी निर्धास्त बाहेर पडायची, कारण इथे उन्हात सगळ्याच बाया तोंडाला दुपट्टा बांधतात, आणि नव्या कातडीला ऊन लागू न देणं गरजेचंही होतं. पाऊस लागला, बाकीच्यांचे दुपट्टे सुटले आणि लोक माझ्याकडे टक लावून बघायला लागले. पहिल्यांदा मोकळ्या मानेने मी गटाच्या बैठकीला गेले, कारण तिथल्या बायांनी वॉर्डातली मी पाहिली होती.

कागदाची एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत. ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचा त्यात वेगळा उल्लेख आहे, आगीने भाजलेल्यांचा नाही. पण आक्रसल्यामुळे हात, मान हलत नसेल तर चलनवलनाचं अपंगत्व म्हणून तपासणी मागता येते. 40 टक्के किंवा जास्त निघालं तर बऱ्याच सवलती लागू होतात, आणि तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेसाठीही अर्ज करता येतो. भिवापूरच्या ताईला हे कोणीच सांगितलं नव्हतं. तिचा अर्ज आम्ही गटातून भरला.

मी पुन्हा डबे करते, थोडे. शेगडी आता विटांच्या ओट्यावर आहे, सिलिंडर खाली, आणि स्वयंपाकाला सुती कपडेच. काखेत अजून वणाचा एक पट्टा ओढतो. दिवाळीनंतर तो सोडवायचं छोटं ऑपरेशन आहे. ताईलाही मानेसाठी त्याच सुमारास बोलावलंय. ऑपरेशननंतर व्यायामाचे महिने ती पोरासकट माझ्याकडेच राहणार आहे, तिच्या नवऱ्याशी तसं बोलून झालंय.