पाणी पेटलं, मग बंब काय घेऊन येणार?

1979 च्या जूनमध्ये आम्ही आठवीत आलो आणि आमच्या सोलापूरच्या शाळेच्या दारातला वार्ताफलक आमच्या वर्गाच्या ताब्यात आला. रोज प्रार्थनेआधी वर्तमानपत्रातले तीन मथळे खडूने त्यावर उतरवायचे. माझं अक्षर वळणदार, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं, ‘पाणीप्रश्न पेटला’.

मधल्या सुट्टीत गावाच्या पूर्व भागातला आमचा एक मित्र फळ्यासमोर थबकला. त्याच्या घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू, मराठी फक्त शाळेत. वडील मागावर कापड विणायचे, आई विड्या वळायची. त्याने मला बाजूला ओढून विचारलं, “काय बे, पाणीच पेटलं तर बंब काय घेऊन येणार?”

आजूबाजूची पोरं खो खो हसली. मराठीचे सर मागेच उभे होते, ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, “प्रश्न बरोबर आहे. बंब काय घेऊन येणार? उद्या सगळ्यांनी उत्तर आणायचं.”

दुसऱ्या दिवशी उत्तरांचा नुसता पाऊस. कुणी म्हणालं वाळू, कुणी म्हणालं ताक. एकीने सांगितलं, भात शिजवायला आता स्टोव्ह नको, नळ सोडला की झालं. एकाला हिप्परग्याचा तलाव रात्रभर जळताना दिसत होता, त्या उजेडात अख्खं गाव अभ्यास करत होतं. सरांनी एक लांबट हिशेबाची वही आणली आणि त्यात एकेक उत्तर नावासह लिहून घेतलं. तेव्हापासून गुरुवारचा शेवटचा तास ‘मग पुढं काय?’चा झाला.

ज्यांच्या घरी मराठी होतं, त्यांना हे शब्द रोजच्या वापराने गुळगुळीत झाले होते. तेलुगू, कन्नड, दखनी बोलणाऱ्या पोरांना ते शब्द डोळ्यांसमोर घडताना दिसायचे. माझी मातृभाषा मराठी, पण ती मला खरी कळली ती या मित्रांमुळे, असं मी आजही मानतो.

‘सोलापूरकरांच्या तोंडचे पाणी पळाले.’ पळालं तर धरून आणा आणि हिप्परग्यात सोडा, उन्हाळा निघेल! ‘अंदाजपत्रकाला कात्री.’ शिंप्याच्या मुलाची काळजी वेगळीच होती, कापलं ते ठीक, पण शिवणार कोण? ‘मंत्रिमंडळात खांदेपालट.’ ज्याचे खांदे दुसऱ्याला गेले, त्याने संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाचा तो जड खांब कसा पेलायचा? यावर तर अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं की संक्रांत होईपर्यंत कुणाचेही खांदे बदलू नयेत.

त्याच जुलैत स्कायलॅब आली. 1973 साली अमेरिकेने आकाशात सोडलेली ही सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा खाली येणार होती आणि कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मोठी माणसं खरोखर घाबरली होती. आमच्या वर्गाने मात्र ती गावात ठिकठिकाणी पाडून पाहिली. सिद्धेश्वर तलावात पडली तर मासे कुठे जातील? भुईकोट किल्ल्यात पडली तर बागेचं तिकीट वाढेल का? गिरणीच्या धुराड्यावर पडली तर भोंगा वाजणार नाही, मग पाळी सुटली हे कसं कळणार? गिरणी कामगाराचा मुलगा हळूच म्हणाला, “त्या दिवसाचा खाडा धरतील का पगार देतील?” सरांनी तेही लिहून घेतलं.

11 जुलैला ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. पुढे वाचलं की तिथल्या एस्परन्सच्या स्थानिक मंडळाने कचरा टाकल्याबद्दल ‘नासा’ला गमतीने 400 डॉलर दंड ठोठावला. हे उत्तर आमच्यापैकी कुणालाच कसं सुचलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

16 फेब्रुवारी 1980 च्या सूर्यग्रहणाला आमच्याकडे खंडग्रास होतं, खग्रास तिकडे रायचूरकडे. कोंबडा दोनदा आरवला तर हजेरीही दोनदा घ्यायची का, एवढाच प्रश्न वहीत गेला.

आम्ही वर्तमानपत्राची टिंगल करतो, अशी कुणीतरी तक्रार केली होती. 12 जानेवारीला, हुतात्मा दिनी, सरांनी त्याचं उत्तर दिलं. 1931 साली इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चौघांपैकी कुर्बान हुसेन पत्रकार होते, हे त्यांनी सांगितलं. म्हणाले, “छापलेल्या शब्दाची किंमत या गावाने मोजली आहे. म्हणून तो नीट वाचायचा. नुसता नजरेखालून घालायचा नाही.”

आणि मग तो कांद्याचा गुरुवार. ‘कांद्याचे भाव कोसळले.’ वर्ग रंगात आला होता. किती उंचावरून कोसळले? बाजार समितीचं छप्पर फुटलं का? खाली कोण सापडलं? तेव्हा मोहोळकडच्या खेड्यातून येणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “आमच्या आजोबांच्या अंगावर, सर.” गाडीभर कांदा विकून भाडंसुद्धा सुटलं नव्हतं. आजोबा विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात धरून रात्रभर ओसरीवर बसले होते. वर्ग एकदम शांत झाला. सरांनी त्या दिवशी वहीत एवढी एकच ओळ लिहिली आणि तास संपायच्या आधीच आम्हाला सोडलं.

पुढे एकेक करून आमच्या गावातल्या गिरण्या बंद पडल्या. भोंगा वाजला नाही तर पाळी सुटली हे कसं कळणार, हा आठवीतला प्रश्न तेव्हा मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. ज्याने पगाराचं विचारलं होतं, त्याच्या घरावरून मी कित्येकदा गेलो आणि आत गेलो नाही.

सर आज नाहीत. ती लांबट वही त्यांनी दहावीच्या निरोप समारंभात दाखवली होती, पुठ्ठ्याला खाकी कागद, कडेला सुतळी बांधलेली. नंतर ती कुठे गेली ते मला कळलं नाही. ग्रंथालयातल्या जुन्या कपाटात किंवा आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर ती असेल, तर कृपा करून शाळेच्या महोत्सवाला घेऊन या. बंब काय घेऊन येणार हे विचारणारा माझा मित्र येतोय. त्याला त्या पहिल्या पानावर त्याचं नाव बघायचं आहे.