सोलो फाइटची वही: ४३ रिफ्टर गेल्यावर नवीन भावांसाठी

काल रात्री ईव्ह ऑनलाइन या अवकाश-जहाजांच्या लढाईच्या गेममध्ये माझं ४३ वं रिफ्टर (छोटं लढाऊ जहाज) फुटलं आणि त्याच रात्री १७ वा सोलो किल पण मिळाला, म्हणजे एकट्यानं समोरचं जहाज फोडलं, म्हणून म्हटलं आता वहीतलं सगळं टाइप करून टाकूया. दोन-तीन पोरांनी विचारलंय की ईव्ह ऑनलाइनमध्ये एकट्यानं लढायला सुरुवात कशी करायची, आणि प्रत्येकाला व्हॉइसवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहिलेलं बरं. जानेवारीत सुरू केलं, आता जुलै चाललाय, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पहिली १२ जहाजं एकही किल न मिळता गेली हे आधीच सांगतो, कारण बहुतेक जण तिथंच सोडतात आणि मला ते फार वाईट वाटतं, खरी मजा त्याच्या पुढं आहे.

मी दिवसा कोल्हापुरातल्या उद्यमनगरात सीएनसी मशीनवर असतो, रात्री जेवण उरकलं की बसतो. गेमचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक वेळेवर) चालतं, रोजचा डाउनटाइम, म्हणजे सर्व्हर बंद असायची वेळ, ११:०० यूटीसीला म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेचारला, तेव्हा आपण कामावरच असतो त्यामुळं त्याचा त्रास नाही. युरोपातली गर्दी मात्र आपल्या रात्री अकरा-साडेअकरानंतर चढते, म्हणून मी लढाया शुक्रवार-शनिवारवर ठेवल्यात आणि बाकी दिवस फिटिंग, म्हणजे जहाजावर काय काय बसवायचं ते, बघायचं, जुन्या लढाया परत डोक्यात घोळवायच्या. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या पोरांनी लक्षात घ्या, सर्व्हर लंडनला आहे म्हणून घाबरायचं काही कारण नाही. शूटर गेममध्ये पिंगमुळं (सर्व्हरपर्यंत पोचायला लागणाऱ्या उशिरामुळं) आपण मरतो हे खरं, पण ईव्हचा सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशोब करतो, एक सेकंदाचा टिक, त्यामुळं कोल्हापूरचा माणूस आणि लंडनचा माणूस जवळजवळ सारख्याच पायरीवर उभे असतात. इथं बोटांच्या वेगापेक्षा डोकं लागतं, आणि मला हा गेम आवडायचं मुख्य कारण तेच आहे.

आता मुद्द्यावर येतो. मला सगळ्यात मोठी गोष्ट कुठल्या व्हिडिओनं नाही, आमच्या तात्यांनी शिकवली. तात्या म्हणजे माझे चुलते, तरुणपणी तालमीत होते, खासबागेत कुस्त्या केल्यात. फेब्रुवारीत एकदा रात्री पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी तेव्हा एका कॉन्डोर जहाजाच्या मागं पळत होतो, तो २२ किलोमीटरवरून आरामात लाइट मिसाइल सोडत होता, माझ्या तोफा जेमतेम आठ-दहा किलोमीटरपर्यंतच्या. तात्यांना गेममधलं काही कळत नाही, पण स्क्रीनवरचा अंतराचा आकडा त्यांनी बरोबर ओळखला. म्हणाले, "आरं, त्यो तुला हाताला लागंना आणि तू नुसताच पळालाईस त्याच्या मागनं. त्याचा हात तुझ्यापतोर पोचतोय, तुझा पोचंना. मग उतरलाईस कशाला त्याच्यासंगं?" तेवढ्यात जहाज फुटलं. तात्या झोपायला गेले, मी अर्धा तास तसाच बसून राहिलो.

तेव्हापासून वहीत प्रत्येक लढाईसमोर मी पहिल्यांदा एकच रकाना भरतो, लढाई किती अंतरावर झाली आणि ते अंतर कुणी ठरवलं. मागच्या ४३ हारी तपासल्या तर ३० च्या वर ठिकाणी अंतर समोरच्यानं ठरवलेलं आहे. जहाज कुठलं होतं, स्किल किती होते, हे सगळं त्यानंतर.

नवीन माणसासाठी अंतराचे आकडे थोडे पाठच करावे लागतात. वार्प म्हणजे एका झेपेत लांब निघून जाणं, ते अडवणारी दोन यंत्रं आहेत. वार्प स्क्रॅम्ब्लर टू (थोडक्यात स्क्रॅम, टू म्हणजे सुधारित प्रकार) ९ किलोमीटरवर धरतो, आणि तो नुसता पळायचं बंद करत नाही, समोरच्याचा मायक्रोवार्पड्राइव्ह, म्हणजे वेग एकदम वाढवणारं इंजिन, तोसुद्धा बंद पाडतो. वार्प डिसरप्टर टू २४ किलोमीटरपर्यंत धरतो पण मायक्रोवार्पड्राइव्ह चालूच राहतो. वेब टू, म्हणजे समोरच्याला हळू करणारं जाळं, १० किलोमीटरवर आणि वेग ६० टक्क्यांनी कमी. म्हणजे सरळ दोन प्रकारचे पैलवान झाले, एक जवळ घेऊन धरणारा आणि एक लांबूनच थकवणारा. लांबून लढणाऱ्याला तुम्ही एकदा स्क्रॅमच्या आत घेतलं की त्याचा वेगच जातो आणि मग तो मेलाच. आणि हे करताना ओव्हरहीट (यंत्र मर्यादेपलीकडं तापवून चालवणं) विसरू नका, स्क्रॅम तापवला की ९ चे १०.८ होतात, वेबचे १० चे १३ होतात, थर्मोडायनॅमिक्स स्किल त्यासाठी सगळ्यात आधी घ्या, तोफांच्या स्किलच्याही आधी. मी ते उशिरा घेतलं त्याची किंमत बरीच मोजली.

पण जवळ घ्यायचं कसं, तर यासाठी फॅक्शन वॉरफेअर, म्हणजे गेममधल्या राज्यांची आपसातली लढाई. मी मिन्मटारकडून अमारविरुद्ध लढतो, अमामाके आणि कोउर्मोनेन या सूर्यमालांच्या आसपास. तिथं जी कॉम्प्लेक्स (लढाईची मैदानं) असतात त्यांच्या ॲक्सिलरेशन गेटवर, म्हणजे आत जायच्या दारावर, जहाजाच्या आकाराची अट असते, सगळ्यात छोट्यात फ्रिगेटच (रिफ्टरसारखं छोटं जहाज) जाऊ शकतं. म्हणजे गेटच तुमची जोड लावून देतं, मैदानात पंच लावतात तशी. क्रूझरसारखं मोठं जहाज घेऊन कोणी आत येऊन तुम्हाला चिरडू शकत नाही. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, गेटमधून येणारा नेहमी बीकनजवळच (आतल्या खुणेजवळच) उतरतो. तुम्ही आधीच आत असाल तर तो कुठं उतरणार हे तुम्हाला माहीत, त्यामुळं अंतर तुम्ही ठरवता! नवीन माणसानं पहिले दोन महिने फक्त आत बसून वाट बघावी, दुसऱ्याच्या कॉम्प्लेक्समध्ये स्वतःहून घुसू नये, हे माझं ठाम मत आहे. शत्रूच्या मिलिशियातल्या (फौजेतल्या) माणसाला मारलं तर सिक्युरिटी स्टेटस, म्हणजे गेममधली आपली पत, ती पण पडत नाही. भलत्याच माणसाला लो-सेकमध्ये (कमी सुरक्षेच्या भागात) मारत सुटलात तर ते घसरत जातं आणि नंतर हाय-सेकमध्ये (जास्त सुरक्षेच्या भागात) फिरायची पंचाईत होते.

वाट बघणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. डी-स्कॅन, म्हणजे जहाजाचा रडारसारखा शोधक, चालू ठेवायचा, त्याला १४.३ एयूपर्यंत (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) दिसतं, कोण कुठलं जहाज घेऊन फिरतंय ते नावानिशी कळतं. ३६० अंशावर सगळं, मग कोन कमी कमी करत ५ अंशावर आणून एकेका कॉम्प्लेक्सकडं रोखून बघायचं की तो नक्की कुठं आहे. आमच्या भागात बिबट्या आला की लोक बॅटरी उसावर फिरवतात तसंच आहे हे, एका जागी झोत धरल्याशिवाय काही सापडत नाही. लोकलमधलं (त्या सूर्यमालेच्या चॅटमधलं) नाव दिसलं की मी झेडकिलबोर्डवर, म्हणजे फुटलेल्या जहाजांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर, लगेच बघतो, हा माणूस एकटा असतो का दहा जणांबरोबर, आणि मागच्या महिन्यात त्याचं हेच जहाज फुटलं असेल तर त्यात काय काय बसवलं होतं ते सगळं तिथं दिसतं. बहुतेक लोक फिटिंग बदलत नाहीत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आळस करू नका.

आता एक लढाई पूर्ण सांगतो, वहीत तिला मी लाल शाईनं चौकट केलीय. एप्रिलचा दुसरा शनिवार, पावणेएकची वेळ. मी छोट्या कॉम्प्लेक्समध्ये, बीकनपासून ७ किलोमीटरवर उभा. डी-स्कॅनवर इन्कर्सस जहाज आलं, पुढच्या स्कॅनला ते माझ्याच गेटवर. त्याच्या जुन्या लॉसमध्ये (फुटलेल्या जहाजाच्या नोंदीत) वेब नव्हतं, ब्लास्टर होते आणि ॲन्सिलरी आर्मर रिपेअरर, म्हणजे जहाजाचं चिलखत दुरुस्त करणारं यंत्र, होता. ब्लास्टर म्हणजे मिठी मारून मारणारी तोफ, दोन-तीन किलोमीटरच्या आत गेलात की संपलात. मी तोफांत बॅराज दारूगोळा भरला, तो लांब पोचतो. स्क्रॅम आणि वेब आधीच ओव्हरहीटवर टाकून ठेवले, कीप ॲट रेंज (अंतर राखायचा हुकूम) साडेसात हजार मीटर. तो उतरला, लॉक झालं, दोन्ही लागले, आणि तो माझ्याकडं यायला लागला पण वेबमुळं त्याचं अंतर तुटेना. ७.२, ७.४, ७.१, आकडा तिथंच हलतोय. त्याच्या गोळ्या निम्म्याहून जास्त वाया. पण त्याचं आर्मर खाली आलं की रिपेअरर एकदम वर उचलायचा, आणि इथं घाबरायला होतं, वाटतं आपला मारच लागेना. त्या छोट्या रिपेअररमध्ये नॅनाइट पेस्टचे (दुरुस्तीच्या मसाल्याचे) ८ डाव असतात, ते संपले की परत भरायला पूर्ण ६० सेकंद लागतात, म्हणून मी तोंडानं मोजत होतो. पाच, सहा, माझी एक तोफ तापून जळाली, सात, माझं आर्मर एक चतुर्थांश, आठ. नववा उचल आलाच नाही. पुढच्या वीस सेकंदांत इन्कर्सस गेलं. त्याचा पॉड (वैमानिकाची सुटकेची कुपी) निघून गेला, लोकलमध्ये त्यानं जीएफ (गुड फाइट) लिहिलं, मी पण लिहिलं. कुस्ती झाल्यावर हात मिळवतात तसंच ते, ते कधी चुकवू नका, हरल्यावर तर नाहीच. त्या माणसानं नंतर मला स्वतःहून त्याचं फिटिंग समजावून सांगितलं, असली माणसं या गेममध्ये भरपूर आहेत.

त्या रात्री माझा माउसवरचा हात दहा मिनिटं थरथरत होता. हे सगळ्यांना होतं, वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाही होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण थरथरत्या हातानं आयकॉन शोधत बसायचं नाही म्हणून कीबोर्ड पाठ करा, जहाजावरच्या यंत्रांची वरची रांग एफ १ पासून, मधली ऑल्ट धरून, खालची कंट्रोल धरून, आणि शिफ्ट धरलं की ओव्हरहीट. मी तर कामावर मशीनची सायकल चालू असताना बोटांनी टेबलावर तोच क्रम वाजवत असतो.

आणखी एक गोष्ट बरेच दिवस कळली नव्हती, तोफा का चुकतात. तावडे हॉटेलजवळ हायवेच्या कडेला उभं राहून बघा, लांबून येणारा ट्रक हळू येतोय असं वाटतं, मान हलवावी लागत नाही, आणि तोच समोरून जातो तेव्हा मान झटकन फिरवावी लागते, वेग दोन्ही वेळी तेवढाच. तोफेचं ट्रॅकिंग म्हणजे ती मान. कोणी ४०० मीटर प्रति सेकंद वेगानं तुमच्याभोवती ८ किलोमीटरवर फिरत असेल तर कोनाचा वेग सेकंदाला ०.०५ रेडियन, तोच १ किलोमीटरवर आला की ०.४, आठ पट. म्हणून ओव्हरव्ह्यूमध्ये (आसपासच्या जहाजांच्या यादीत) अँग्युलर व्हेलॉसिटीचा, म्हणजे कोनाच्या वेगाचा, कॉलम लावून घ्या. आणि लांबच्या तोफांवर सरळ नाकासमोर चाल करून जाऊ नका, तिरके जा, गोल वळसा घेत जवळ या. मिसाइलला मात्र ट्रॅकिंग नसतं, तिथं तुमचा वेग आणि सिग्नेचर (जहाज समोरच्याला किती मोठं दिसतं ते) बघितलं जातं, आणि मायक्रोवार्पड्राइव्ह चालू असताना सिग्नेचर ५०० टक्क्यांनी फुगतं, म्हणून मिसाइलवाल्यासमोर आफ्टरबर्नर (वेग वाढवणारं साधं इंजिन) बरा पडतो.

बाकी किरकोळ. जहाज फुटताना वार्पचं बटण दाबतच राहा, लो-सेकमध्ये बबल (वार्प अडवणारे गोल) चालत नाहीत त्यामुळं पॉड बहुतेक वेळा वाचतो. एकाच फिटिंगची दहा जहाजं एकदम घ्या आणि दहा संपेपर्यंत काही बदलू नका, नाहीतर हरलो ते फिटिंगमुळं का आपल्यामुळं हे कधीच कळणार नाही. अल्फा क्लोन (पैसे न भरता खेळायचं खातं) फुकट आहे आणि टी वन, म्हणजे साध्या दर्जाच्या, फ्रिगेटला तेवढं पुरतं, पहिल्या महिन्यात पैसे घालू नका. आणि पावसाळ्यात राउटरला इन्व्हर्टरवर घ्या. जूनमध्ये ऐन लढाईत लाइट गेली, मला वाटलं कनेक्शन तुटलं की जहाज आपोआप पळून जाईल, पण लढाईचा टायमर लागलेला असला की जहाज १५ मिनिटं गेममध्येच राहतं आणि स्क्रॅम लागला असेल तर हलूही शकत नाही. लाइट येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आता सध्या अडकलोय तो केस्ट्रेल या मिसाइलवाल्या जहाजावर. आत आधीच बसलेला, बीकनपासून लांब उभा राहिलेला केस्ट्रेल, म्हणजे अंतर त्याचं. अशांच्या आत घुसून ९ रिफ्टर गेली. त्यासाठी मायक्रोवार्पड्राइव्हवाल्या फिटिंगवर स्लिंगशॉट शिकतोय. त्याच्यापासून लांब पळायचं, तो अंतर राखायला मागं येतो, पूर्ण वेगात आला की झटकन वळून त्याच्यावरच यायचं, त्याला वळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तो स्क्रॅमच्या आत येतो. टिक एक सेकंदाचा असल्यानं वळायचा निर्णय तो एक सेकंद उशिरा घेतो असं धरूनच चालायचं. आत्तापर्यंत ११ वेळा केलं, २ वेळा जमलं. जमलं त्या दोन्ही वेळा मी वळलो तेव्हा अंतर १८ ते २० किलोमीटर होतं, आणि फसलो तेव्हा बहुतेक वेळा २५ च्या वर. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "पट काढायचा तर त्यो पुढं आला की काढायचा, माघारी जाताना न्हवं." हँगरमध्ये ६ रिफ्टर आहेत. आज रात्री साडेअकराला निघतोय, सहाच्या सहा फक्त २० किलोमीटरच्या आत वळूनच खेळायची असं ठरवलंय, निकाल पुढच्या नोंदीत टाकतो.