मूठ हातात, दोरी आत

माघातली पहाट. हतनूर धरणाच्या फुगवट्यात जाळं उचलून होडीने परत येत होतो. चांगदेवचा तापी-पूर्णा संगम थोडा मागे पडला आणि पंख्यात पाणवनस्पती अडकून होडीचं मशीन बंद पडलं. पंखा मोकळा केला, मशीन चालू करायची दोरी ओढली, तर दुसऱ्याच झटक्याला नुसती मूठ हातात आली. उरलेली दोरी सर्रकन आत.

माझं मशीन पाच हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, दुसऱ्याकडून घेतलेलं. वडिलांचं आयुष्य वल्हं मारण्यात गेलं. या मशीनमुळे माझी मासळी ऊन चढायच्या आत बाजारात पोचते, म्हणून त्या क्षणी पोटात गोळाच आला.

काठावर यायचा एक उपाय ठाऊक होता. वरचं झाकण काढलं, दहाच्या पान्याने तीन बोल्ट खोलून स्टार्टर, म्हणजे दोरी गुंडाळून ठेवणारा भाग, बाजूला केला. त्याखालच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, कडेला खाच असते. जाळ्याच्या दोरीला गाठ मारून ती खाचेत अडकवली, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वेढे दिले आणि जोरात ओढली. मशीन लागलं, दोरी सुटून हातात आली. पण हे करताना जपावं लागतं. स्टार्टर निघाला की गिअरमध्ये दोरी ओढू न देणारी अडवणूकही निघते, म्हणून गिअर न्यूट्रलला आहे ना, हे स्वतः तपासायचं. शिवाय फ्लायव्हील उघडंच फिरत असतं. गळ्यातला रुमाल मी आधी काढून ठेवला.

घरी आल्यावर मशीन चुकून लागू नये म्हणून पहिल्यांदा स्पार्क प्लगची टोपी काढली, मग स्टार्टर खोलायला घेतला. ज्या चक्रीवर दोरी गुंडाळते तिच्याखाली पट्टीची स्प्रिंग गुंडाळून बसवलेली असते. ती उसळली तर हात कापते, डोळाही जातो. म्हणून चक्री उचललीच नाही, नुसती जुनी गाठ काढली. घरात होती ती जाळ्याची पिळाची दोरी घातली. दोन दिवसांत पीळ सुटून ती आत अडकून बसली.

गावात डिझेल इंजिनं दुरुस्त करणारे आप्पा आहेत. त्यांच्याकडे नेलं. त्यांनी नव्या दोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. जुना तुकडा मागितला, तुटलेलं टोक बोटांत फिरवलं आणि म्हणाले, "ही कुजली नाई रे भो, कापली गेली."

मग त्यांनी स्टार्टरच्या तोंडावर, जिथून दोरी बाहेर येते तिथे, माझं नख फिरवायला लावलं. नख अडकलं. इतक्या वर्षांच्या ओढण्याने तिथे खोबण पडली होती आणि तिची कड पात्यासारखी झाली होती. मी बाजूला उभा राहून ओढायचो, त्यामुळे दोरी रोज त्याच कडेवर घासत होती. नवी दोरी घातली असती तरी तीही तिथेच तुटली असती. पॉलिश पेपरने ती कड आम्ही गुळगुळीत केली, नख सरळ घसरेपर्यंत.

दोरी भुसावळहून आणली, गोफासारखी विणलेली नायलॉनची, जुनीएवढ्याच जाडीची. जुने दोन्ही तुकडे लांबवून मापली. टोकं काडीने वितळवून घेतली, चक्रीत आठाची गाठ मारली, दोरी पूर्ण गुंडाळली, बाहेरचं टोक मुठीत ओवून गाठ मारली.

यानंतर स्प्रिंगला ताण द्यायचा असतो. चक्रीच्या कडेला खाच असते, तिच्यात दोरीचा फेरा अडकवून दोरी ओढल्यावर चक्री जिकडे फिरते तिकडेच ती फिरवायची. मी दोन वेढे दिले, तर मूठ लोंबत राहिली. जोर करून आणखी तीन देणार होतो. आप्पांनी हात धरला. "एकच दे. आता दोरी पुरी ओढ आणि चक्री हाताने अजून फिरते का बघ." पुरी ओढून धरली, तरी चक्री अर्धा वेढा आणखी फिरत होती. ती फिरली नसती तर दोरी संपायच्या आत स्प्रिंग आवळली असती आणि पुढच्या जोरकस झटक्याला तुटली असती.

स्टार्टर जागेवर बसवला, गिअरमध्ये दोरी अडवणारी न्यूट्रलची तार परत जोडली. महाशिवरात्रीच्या यात्रेला दोनच दिवस होते. दुसऱ्या दिवशी पहाटे काठावर मशीनच्या बरोबर समोर उभा राहून दोरी सरळ ओढली. तिसऱ्या झटक्याला मशीन लागलं. दोरी आपसूक आत गेली, मूठ तोंडाशी घट्ट बसली.